दमानं घे

चढ लागला की ती खोकते.
नेमकी दफनभूमीच्या वळणावर, तिसऱ्या गिअरात.
मागे काळा धूर, केबिनमध्ये पेट्रोलचा वास,
आणि नुसती उभी केली तरी थरथरते,
हिवाळ्यात अंघोळ घातलेल्या कुत्र्यासारखी.

मी प्लग बदलले. पॉइंट बदलले.
डिस्ट्रिब्युटरची टोपी, वायरी, पेट्रोलचा फिल्टर.
एस्पान्योलाच्या पार्टवाल्या बेनीतोनं
दर शनिवारी हसत हसत पावती फाडली.
एकशे ऐंशी डॉलर गेले.
त्र्याहत्तरची फोर्ड आपली ढिम्म.

पापा पोर्चमधून बघत होते.
नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरतंय,
सव्वीस वर्षं खाणीत खाल्लेल्या धुळीचं व्याज.
तीन आठवडे चकार शब्द नाही.
मग म्हणाले, "सारखी बदलतेस काय? आधी ऐक तरी."

जुना प्लग मागून घेतला,
काजळी अंगठ्यावर घासली, हुंगली.
"पेट्रोल फार, हवा कमी.
समुद्राकाठची गाडी ही, ओदिलिया.
गॅल्व्हेस्टनच्या कोळंबीवाल्याकडून आणली तेव्हा
हिच्या कार्बोरेटरला कुणी सांगितलंच नाही
की आपण साडेसात हजार फुटांवर राहतो."

चाळीस वर्षं
खालच्या हवेच्या हिशेबानं
ती वरच्या हवेत जगत होती.
आणि आम्ही तिला आळशी म्हणायचो.

पण थरथर?
थरथर वेगळी. कुठून तरी चोरून हवा आत शिरतेय,
आणि ते झाकायला कुणीतरी
मिश्रणाचे स्क्रू उघडून ठेवलेत.
"बहुतेक मीच," पापा पुटपुटले.

"नळी लाव कानाला. दुसरं टोक इंजिनावर फिरव."
बागेची नळी होती, जाड, तडकलेली.
पापांनी खुर्चीखालच्या खोक्यातून कोरी काढली,
प्लॅस्टिकच्या पिशवीतली, पुढच्या महिन्याची.
मग यंत्र बंद केलं.
नाकातली नळी काढून खुर्चीवर ठेवली.
"हे आणि पेट्रोल एका जागी नको," म्हणाले,
आणि काठी टेकत फेंडरपर्यंत आले.
अकरा पावलं. चौथ्यावर थांबले, आठव्यावर थांबले.

इंजिन चालू. कानात नळी.
पंख्याचा घोंघाट, व्हॉल्व्हची टकटक,
पट्ट्याचं कुरकुरणं,
आणि कार्बोरेटरच्या बुडाशी, मागच्या बोल्टजवळ
स्स्स
कुणी दातांतून श्वास ओढावा तसं.

"सापडलं?"
मी मान हलवली. नळी मात्र काढली नाही लगेच.
कारण दुसऱ्या, उघड्या कानात
पापा उभे होते,
तेही दातांतून.

"आत जा ना, पापा."
"दमानं घे," ते म्हणाले. "आधी गॅस्केट."

गॅस्केट चार डॉलरचं.
जेट दोन नंबर बारीक, टायमिंग जरासं पुढे.
स्क्रू हलक्या हातानं पुरते मिटले,
मग दीड दीड फेरा उघडले, तेही कानानंच.
बेनीतो या वेळी हसला नाही,
त्यानं जेटचा नंबर एका कागदावर लिहून ठेवला.

रविवारी, वळणावर, तिसऱ्या गिअरात,
ती खोकली नाही.
वाऱ्यासारखी धावली असंही नाही,
तिचं वय आहे.
जेवढी हवा होती तेवढ्यात चढली, एवढंच.
पापा शेजारी, छोटा सिलिंडर मांडीवर,
काच खाली, कोपर बाहेर.
माथ्यावर म्हणाले, "बंद कर जरा."
बॉनेटखाली लोखंड थंड होत टिकटिकत राहिलं
आणि आम्ही दोघं ते ऐकत बसलो.

ती नळी अजून डॅशबोर्डच्या खणात आहे,
एका टोकाला ग्रीस लागलेली.
ऑक्सिजनवाल्यांच्या हिशेबात एक कमी भरते.
फोनवरच्या बाईनं विचारलं, हरवली का?
मी म्हटलं, नाही.
वापरात आहे.